स्वर्गरथाची गळती

“कुकर बंद करा आधी!” आबा अंगणातून ओरडले.

आई हाताचं पीठ झाडत स्वयंपाकघराच्या दारात आली. “कुठला कुकर?”

“शिट्टी व्हायला आलीया त्याची. ऐकू येत न्हाई व्हय तुला?”

आमच्या घरात कुकर नव्हता. म्हणजे होता, पण त्याच्या फुसफुसण्याचा त्रास होतो म्हणून आबांनीच वर्षापूर्वी तो पोत्यात बांधून माळ्यावर टाकला होता. तेव्हापासून आई भात पातेल्यात शिजवत होती. तरी ती शांतपणे “केला बंद” म्हणाली आणि आत गेली. नसलेला कुकर बंद करायला फारसे कष्ट पडत नाहीत, हे तिला एव्हाना कळून चुकलं होतं.

आबांनी मान डोलावली, डोळे मिटले आणि आईचं लाटणं पुन्हा कानाला लावलं. लाटण्याचं दुसरं टोक स्वर्गरथाच्या इंजिनावर टेकलेलं होतं.

स्वर्गरथ म्हणजे आमच्या माळशेत गावची शववाहिनी. पांढरी गाडी, दोन्ही बाजूंना रंगवलेले झेंडू आणि मागच्या दारावर मोठ्या अक्षरांत ‘ॐ शांती’. चार दिवस ती आमच्या अंगणात शेवग्याच्या झाडाखाली उभी होती. समोरच्या घरातली माणसं सकाळी दार उघडायची, गाडीकडे बघून हात जोडायची आणि मग दूध आणायला जायची. पोस्टमन पत्रं टाकायला आला तो पहिल्या दिवशी चप्पल काढूनच आत आला आणि हळू आवाजात मला म्हणाला, “कोण गेलं?”

“कुणी नाही, इंजिन गेलंय,” मी म्हटलं. तो तरीही दोन मिनिटं थांबला.

या गोष्टीला आता सोळा वर्षं झाली. मी तेव्हा चोवीस वर्षांची होते आणि पुण्यात एका मोठ्या वर्कशॉपमध्ये गाड्यांची इंजिनं खोलत होते. आमच्याकडे मुलीनं इंजिन खोलण्याचं कुणाला नवल नव्हतं, कारण माझे आबा, म्हणजे दिनकर सुतार मिस्त्री, पंचवीस वर्षं घराच्या अंगणातच गॅरेज चालवत होते आणि मी त्या अंगणातच रांगले होते. पण आबांनी मला कामासाठी कधी बोलावलं नव्हतं. त्या वेळी पहिल्यांदा फोन आला. “परदेशी इंजिन हाय. रजा काढून ये.” मी इतकी हरखले की का, ते विचारायचंच राहून गेलं.

स्वर्गरथाचं दुखणं विचित्र होतं. सकाळी गार इंजिन एका चावीत सुरू व्हायचं. गाडी दुःखाच्या घरी वेळेवर पोचायची. तिथं आंघोळ, हार, शेवटचं दर्शन होईपर्यंत ड्रायव्हर हिंदुराव इंजिन बंद करायचा, आणि मग ते तापलेलं इंजिन तासभर ढिम्म हलायचं नाही. लोक रडणं थांबवून बॉनेटवर गार पाणी ओतायचे. एकदा तर मयताच्या आंघोळीसाठी आणलेल्या घागरी आधी इंजिनाला लागल्या. महिन्याभरात तीन जणांना गावानं ढकलत नेलं. तिसऱ्या वेळी भजनी मंडळानं टाळ काखेत मारून असा काही जोर लावला की उतारावर गाडी स्मशानाच्या फाटकासमोरून सरळ पुढं गेली.

“ब्रेक लागला हो,” हिंदुराव नंतर सगळ्यांना सांगायचा, “पर लागेपर्यंत भाजी मंडई आली.”

हे ऐकून सगळ्यात जास्त संतापले ते अप्पा इंगवले. अप्पा ब्याण्णव वर्षांचे. स्वर्गरथ त्यांनीच गावाला दान दिला होता आणि त्यांचा मुलगा गजेंद्र इंगवले ती गाडी सांभाळणाऱ्या मंडळाचा अध्यक्ष होता. डॉक्टरांनी अप्पांना दोन दिवस दिले होते. पाहुणे गोळा झाले होते. आणि अप्पांनी खाटेवरून जाहीर केलं, “मला ढकलत न्यायचं न्हाई. गाडी नीट झाल्याबिगार मी मरत न्हाई.” त्याला अकरा दिवस झाले होते. बेळगावची बहीण, सोलापूरचे भाचे, सगळे तिथंच मुक्कामाला होते आणि अप्पा रोज एक वाटी जास्त भात खात होते.

तर त्या सकाळी अंगणात आम्ही चौघं होतो. आबा, मी, हिंदुराव आणि गजेंद्रअण्णा. अण्णा हातातला रुमाल पिळत म्हणाले, “मिस्त्री, मंडळात काल ठराव झाला. आज संध्याकाळपर्यंत सापडलं तर ठीक. न्हाईतर उद्या गाडी ट्रकवर घालून कोल्हापूरला न्यायची.”

लाटण्यावरची आबांची बोटं घट्ट झालेली मला दिसली. पंचवीस वर्षांत माळशेतची एकही गाडी ट्रकवर चढून दुसऱ्याकडे गेली नव्हती. आबांचं नाव त्यांच्या पान्यावर नाही, कानावर चालायचं. लाटणं टेकवायचं, डोळे मिटायचे आणि सांगायचं, तिसऱ्या सिलिंडरचा वायसर गेला. खोलून बघावं तर तिसऱ्याचाच. आणि गाव म्हणायचं की वय वाढेल तसा मिस्त्रींचा कान जास्तच तिखट होत चाललाय. इतरांना ऐकू न येणाऱ्या गळत्या त्यांना ऐकू यायला लागल्या होत्या. घरातल्या सगळ्या नळांचे वायसर त्यांनी बदलले होते, एकही नळ गळत नसताना. गॅसच्या एजन्सीचा माणूस तीनदा येऊन गेला होता. तिसऱ्यांदा तो आईला म्हणाला होता, “काकू, काही गळत नाहीय. पण मिस्त्री म्हणतात म्हणजे असेल.” आणि त्यानं शेगडीची नळी बदलून दिली होती.

मीही तेच मानत होते. माझे आबा होते ते.

“बोल वृषा,” आबा मला म्हणाले, “तुझ्या पुण्यात कसं शोधत्यात?”

मी सगळ्यांना ऐकू जाईल असं सांगितलं, कारण अण्णांचा चेहरा कोरा होता. या इंजिनात डिझेल उडवायचं काम तेलाच्या दाबावर चालतं. दाब नाही तर डिझेल नाही. गार तेल घट्ट असतं, बारीकशा फटीतून निसटत नाही, म्हणून सकाळी गाडी सुरू होते. तापलं की तेल पाण्यासारखं पातळ होतं, फटीतून पळतं, दाब तयारच होत नाही. आणि ही फट इंजिनाच्या पोटात असते, त्यामुळं खाली एक थेंब पडत नाही. “म्हणून तेलाच्या वाटेत हवा भरायची,” मी म्हटलं, “झाकण काढून ठेवायचं आणि हवा कुठून सुटते ते कानानं ऐकायचं.”

“कानानं,” आबा म्हणाले. गेल्या चार दिवसांत पहिल्यांदा ते खूश दिसले. “म्हंजे कामच आपलं हाय.”

अडचण एकच होती. आमचा कॉम्प्रेसर म्हणजे गिरणी. तो चालू असताना स्वतःचं नाव ऐकू येत नसे. म्हणून आधी टाकी भरून घ्यायची, कॉम्प्रेसर बंद करायचा आणि मग इंजिनाला जोडलेल्या नळीचा कॉक उघडायचा. टाकीतली हवा तीन मिनिटं पुरायची. त्या तीन मिनिटांत संपूर्ण शांतता हवी होती.

माळशेतमध्ये तीन मिनिटं शांतता मिळवणं ही काय चीज आहे, ते मला त्या दिवशी कळलं. पहिल्या खेपेला मी कॉक उघडला आणि कोपऱ्यावरून भोंगा लावलेला बोंबलाचा टेम्पो आला. हिंदुराव त्याला हाकलायला धावला, तोवर हवा संपली. दुसऱ्या खेपेला गल्लीच्या दोन्ही टोकांना माणसं उभी केली, शेजारचा टीव्ही बंद करवला, कुत्र्याला भाकरी घातली. कॉक उघडला आणि हिंदुरावच्या खिशात मोबाइलवर जोरात आरती सुरू झाली. फोन कुणाचा म्हणून बघितलं तर अण्णांच्या घरून. अप्पा विचारत होते, सापडलं का?

“न्हाई अजून,” हिंदुरावनं सांगितलं, आणि अण्णांकडे वळून म्हणाला, “अप्पा म्हणत्यात, मग मी जेवून घेतो.”

अण्णांच्या चेहऱ्यावर क्षणभर हसू आलं ते मी पाहिलं. लगेच त्यांनी ते रुमालानं पुसलं. वडील जाऊ नयेत असं कुठल्या मुलाला वाटत नाही? पण अध्यक्ष म्हणून गाडी दुरुस्त व्हायला हवी होती. बिचारा माणूस रोज दोन तोंडांनी आमच्या अंगणात येत होता.

तिसरी खेप. टाकी भरली. कॉम्प्रेसर बंद. मी कॉक उघडला.

आणि खरंच शांतता झाली. कसं कोण जाणे, सगळी गल्ली एकदम थांबली. त्या शांततेत इंजिनाच्या मागच्या टोकाकडून, डाव्या बाजूनं, स्वच्छ आवाज आला. स्स्स्स. एखाद्यानं दातांतून श्वास सोडावा तसा. हिंदुरावनं माझ्याकडे बघितलं. त्यालाही आला होता. अण्णा, ज्यांना बॉनेट आणि डिकी यांतला फरक सांगावा लागायचा, त्यांनीही नेमकी त्याच कोपऱ्याकडे मान वळवली. दारात उभ्या आईलाही ऐकू आला.

आबा लाटणं घेऊन पुढच्या टोकाला वाकले होते. “हितं हाय,” ते म्हणाले.

मग मधे टेकवलं. “हितं पण हाय.”

मग मागं. “हितं पण.” त्यांनी डोळे उघडले. कपाळावर घाम होता. “सगळीकडनं सुटतंय. एक जागा न्हाईच. इंजिन उतरवाय लागंल.”

माझ्या कानांनी मला सांगितलं होतं, एकच जागा आहे, मागं डावीकडं. पण मला पहिल्यांदा वाटलं ते हे, की माझेच कान कच्चे आहेत. पुण्यातल्या वर्कशॉपमध्ये मी तीन वर्षं काढली होती, आणि अंगणात आल्याबरोबर मी पुन्हा सहा वर्षांची झाले. हिंदुरावचंही तेच झालं असणार, कारण तो पान्यांची पेटी ओढत म्हणाला, “मिस्त्री म्हणत्यात म्हंजे सगळीकडनं सुटत असणार. आपल्याला एकाच ठिकाणचं कळतं. आपण काय, ड्रायव्हर माणूस.”

“मलाही एकाच ठिकाणचं आलं,” अण्णा हळूच म्हणाले, “पण मी तर कॉमर्सचा.”

“आबा, उतरवायच्या आधी एकदा परत ऐकूया,” मी म्हटलं.

“किती येळा ऐकायचं? पर ठीक हाय, भर टाकी.”

टाकी भरत असताना गल्लीच्या टोकाशी गडबड झाली. चार भाचे एक खुर्ची उचलून आणत होते आणि खुर्चीत शाल पांघरून, डोक्याला मफलर गुंडाळून अप्पा इंगवले बसले होते. वाटेत लोक हात जोडत होते. अप्पा सगळ्यांना हात हलवत होते.

अण्णा धावले. “अप्पा, तुम्ही कशाला आलासा? डॉक्टरनं हलायचं न्हाई म्हणून सांगितलंय.”

“डॉक्टरनं लई काय काय सांगितलंय,” अप्पा म्हणाले. “माझी गाडी मी बघायची न्हाई व्हय? ठेवा रे खाली. हितं, मोरं.” भाच्यांनी खुर्ची बरोबर गाडीच्या पुढ्यात ठेवली. अप्पांनी उघड्या इंजिनात डोकावून पाहिलं, मग आबांकडे पाहिलं. “काय रं मिस्त्री. मी किती दिवस थांबू?”

“आज उतरवतो इंजिन, अप्पा. सगळीकडनं गळतंय. चार-पाच दिवस लागतील.”

“मंडळ थांबणार न्हाई,” अण्णा चाचरत म्हणाले. “उद्या ट्रक सांगितलाय.”

आबांनी मान खाली घातली. मला राहवेना. मी कॉम्प्रेसर बंद केला आणि म्हटलं, “अप्पा, तीन मिनिटं कुणी बोलू नका.”

“मी कशाला बोलतोय,” अप्पा म्हणाले.

मी कॉक उघडला. स्स्स्स. मागं, डावीकडं. आता तर चारही भाच्यांच्या माना तिकडं वळल्या. आबा डोळे मिटून, लाटणं कानाशी धरून, पुढच्या टोकापासून इंचाइंचानं सरकत होते. सगळे ताटकळले होते. हवेचा काटा खाली यायला लागला. आवाज बारीक झाला, आणखी बारीक झाला आणि थांबला. काटा शून्यावर आला. मी कॉक बंद केला, इंजिनावरची नळी सोडवून हातात घेतली आणि हवा संपली असं सांगायला तोंड उघडणार, तेवढ्यात आबा डोळे मिटूनच म्हणाले,

“ऐका, ऐका. कसं सुटतंय बघा.”

माझ्या हातात सुटी नळी होती. इंजिनात हवेचा कणही नव्हता. अंगणात इतकी शांतता होती की शेवग्याची शेंग शेंगेवर आपटलेली ऐकू येत होती.

“आता तर वाढलंय,” आबा म्हणाले.

एका क्षणात माळ्यावरचा कुकर, बदललेले नळ, शेगडीची नवी नळी, सगळं माझ्यासमोर रांगेनं उभं राहिलं. ते फुसफुसणं नळात नव्हतं, शेगडीत नव्हतं, इंजिनात नव्हतं. हिंदुरावनं माझ्या हातातल्या नळीकडे पाहिलं, मग आबांकडे, आणि तोंडावर हात ठेवला. अण्णांना काही कळलं नव्हतं. भाच्यांनाही नाही. अप्पांनी मात्र मिचमिचे डोळे माझ्यावर रोखले होते.

“पोरी,” अप्पा म्हणाले, “तुझ्या हातात काय हाय ते?”

मी नळी पाठीमागे लपवली. चोरी केल्यासारखं मला वाटलं. खरं सांगायचं तर, त्या क्षणी सांगून टाकणंच सरळ होतं. पण अख्ख्या गावासमोर आबांचा कान माझ्या तोंडून जावा, हे मला जमणार नव्हतं. आणि इंजिन उतरवू देणंही जमणार नव्हतं.

“काही नाही अप्पा,” मी म्हटलं. “हवा कमी पडतीय. आबांना अजून एकदा पाहिजे.”

मी टाकी पुन्हा भरली, नळी पुन्हा जोडली. कॉम्प्रेसरच्या गोंगाटात आबा गाडीला टेकून उभे होते आणि, मला तेव्हा नवल वाटलं, त्यांचा चेहरा एकदम निवळला होता. कॉम्प्रेसर थांबला तसा तो पुन्हा आक्रसला. मी कॉक उघडला, त्यांच्याजवळ गेले आणि त्यांच्या हातातलं लाटणं काढून घेतलं.

“काय करतीस?”

“लाटणं तेलकट झालंय, आबा. हातानं बघा.” मी त्यांचा उजवा हात धरला, मागं नेला, डावीकडं, नळकांड्याच्या शेवटच्या जोडाखाली, आणि त्यांचं बोट तिथं ठेवलं.

हवा त्यांच्या बोटाच्या टोकावर लागली असणार. त्यांनी डोळे उघडले. बोट काढलं, शेजारी ठेवलं. तिथं काही नव्हतं. पुन्हा त्या जागी ठेवलं. बोटानं भोक दाबलं तसा अंगणातला आवाज थांबला, आणि सगळ्यांच्या तोंडून एकदम “हां!” निघालं. आबांनी त्या सगळ्या चेहऱ्यांकडे बघितलं. बोट काढलं, चेहरे पुन्हा बदलले. दाबलं, पुन्हा “हां!” असं त्यांनी तीन-चारदा केलं. मग माझ्याकडे बघितलं. मी नजर चुकवली.

“हितं,” आबा म्हणाले. “एकच जागा हाय. हितंच हाय.”

“मी आल्यापासून ऐकतोय की,” अप्पा म्हणाले. “मला वाटलं, तुमचं काय तरी शास्त्र असंल.”

जोड खोलायला दोन तास लागले. आत करंगळीत अंगठी म्हणून बसेल एवढी रबराची चकती होती. एका बाजूला कापली गेलेली, नखाएवढी. तीन मयतं ढकलली गेली, मंडळाचा ठराव झाला, एक माणूस मरायचा थांबला, ते सगळं तेवढ्या चिरेपायी. परदेशी इंजिनांना लागणाऱ्या अशा नव्या चकत्या मी पुण्याहून येताना डबीत घालून आणल्या होत्या, फक्त कुठली कुठं बसवायची हे कळत नव्हतं. हिंदुरावनं जुनी चकती तळहातावर घेतली आणि सगळ्यांना दाखवली. लोकांनी ती दर्शन घ्यावं तशी रांगेनं येऊन पाहिली.

आता इंजिन तापवून बंद करायचं आणि पुन्हा सुरू होतंय का ते बघायचं होतं.

“मी बसणार,” अप्पा म्हणाले.

“कुठं बसणार?” अण्णांनी घाबरून विचारलं.

“मोरं बसतो. मागं काय, कधीतरी झोपायचंच हाय.”

दुपारी तीन वाजता स्वर्गरथ आमच्या अंगणातून बाहेर पडला. हिंदुराव स्टिअरिंगवर, शेजारी शाल पांघरलेले अप्पा, मागच्या फळीवर मी, अण्णा आणि दोन भाचे. आबा आले नाहीत. गाडी बाजारपेठेतून निघाली तशी लोकांनी सवयीनं टोप्या काढल्या, हात जोडले, आणि पुढच्या खिडकीतून अप्पांनी हसत उलटा नमस्कार केला. एका दुकानदाराच्या हातातली तागडी खाली पडली. अप्पांनी गावाला दोन फेऱ्या मारायला लावल्या, मग स्मशानाच्या फाटकाशी गाडी उभी करून इंजिन बंद करायला सांगितलं. आम्ही अर्धा तास तिथं बसलो. अप्पांनी फाटक, पिंपळ, बाकडी नीट बघून घेतली आणि नळाला पाणी येत नाही म्हणून अण्णांना झापलं.

“लाव आता चावी,” ते हिंदुरावला म्हणाले.

हिंदुरावनं देवाचं नाव घेतलं आणि चावी फिरवली. तापलेलं इंजिन पहिल्या झटक्यात सुरू झालं. अण्णा फळीवर ढसाढसा रडायला लागले.

“रडतोयस कशाला?” अप्पांनी मागं वळून विचारलं.

“आता तुम्ही जाणार, अप्पा.”

“गाडी नीट झाली न्हवं? मग घाई कुणाला हाय?” अप्पा म्हणाले. “चल रं, घरला चल.” त्यानंतर अप्पा एक वर्ष आणि चार महिने जगले. गेले तेव्हा गाडी अर्धा तास दारात उभी होती, आणि कुणाला ढकलावी लागली नाही.

झाकणाचे बोल्ट पुन्हा आवळून घ्यायचे होते म्हणून हिंदुरावनं गाडी आमच्या अंगणात आणून सोडली. सकाळी नेतो म्हणाला. दिवस कलला होता. आबा पायरीवर बसले होते, हाताला लावलेला साबणाचा फेस तसाच वाळू देत. मी त्यांच्या शेजारी बसले.

“नळी तुझ्या हातात हुती,” आबा म्हणाले.

“हो.”

“इंजिनाला जोडलेली न्हवती.”

“नव्हती, आबा.”

“मी डोळं उघडलं तवा बघितलं. तू मागं लपवलीस.” त्यांनी हात गुडघ्यांवर ठेवले. “दोन वरसं झाली, वृषा. दिवसरात फुसफुस चालूच हाय. मला वाटायचं घरात कायतरी गळतंय. नळ बघितले, गॅस बघितला. सगळे म्हणायचे, काय न्हाई. मी म्हणायचो, ह्यांचे कान गेले. गाडीवाले यायचे, मला सगळ्याच इंजिनांत हवा ऐकू यायची. मग अंदाजानं सांगायचो. पंचवीस वरसांचा अंदाज, निम्म्या येळा बरोबर यायचा. ह्या इंजिनाचा मात्र अंदाजच येईना.” ते थांबले. “म्हणून तुला बोलवलं.”

मला रडू आलं आणि मी ते लपवलं नाही. तो फोन आला तेव्हा मी वर्कशॉपमध्ये सगळ्यांना पेढे वाटले होते. माझ्या बापानं मला कामाला बोलावलं म्हणून.

“डॉक्टरला दाखवू,” मी म्हटलं. “कोल्हापूरला कानाचे चांगले डॉक्टर आहेत.”

“दाखवू. पर ते गळतंय कुठनं ते तुला सापडायचं न्हाई. त्यात हवा भरता येत न्हाई.” ते हसायला गेले, पण जमलं नाही. “दिवसभर न्हाई गं जाणवत एवढं. कॉम्प्रेसर चालू असला, इंजिन चालू असलं की बरं असतं. बंद केलं की सुरू हुतंय. सगळे म्हणत्यात शांत बसा मिस्त्री, आराम करा. शांत बसलं की मला वेड लागायची पाळी येती.”

कॉम्प्रेसरच्या गोंगाटात त्यांचा चेहरा कसा निवळला होता, ते मला आठवलं. मी उठले, स्वर्गरथाचं दार उघडलं आणि चावी फिरवली.

डिझेल इंजिन आमच्या छोट्या अंगणात घरघरायला लागलं. खिडक्यांची तावदानं थरथरली. समोरच्या घरातली माणसं दारात आली आणि सवयीनं त्यांनी हात जोडले. आई हात पुसत बाहेर आली आणि माझ्या कानाशी ओरडली, “आता कशाला चालू केलीस? सापडलं न्हवं? कान किटले की!”

मी तिला आबांकडे बोट दाखवलं.

आबा उठून गाडीपाशी गेले होते. त्यांनी बॉनेटवर दोन्ही हात ठेवले, डोळे मिटले. खांदे हळूहळू खाली आले. किती वेळ ते तसे उभे होते, मला सांगता येणार नाही. मग त्यांनी डोळे न उघडताच आईला हाक मारली, आणि त्या सगळ्या घरघरीतूनही आम्हा दोघींना स्पष्ट ऐकू आलं.

“आत्ता बंद झाला बघ,” आबा म्हणाले, “कुकर.”